३१७ डावांमागे एक गुण

गावच्या मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला जसप्रीत बुमराहचा चेंडू खेळायला मिळत नाही. शाळेच्या संघातून बॅडमिंटन खेळलेल्या मुलीला पी. व्ही. सिंधूसमोर उभं राहायला कोणी बोलावत नाही. बुद्धिबळात मात्र हे घडतं, आणि त्यासाठी कोणाची ओळखपाळख लागत नाही. खुल्या स्पर्धेची प्रवेश-फी भरली की तुमचं नाव आणि ग्रँडमास्टरचं नाव एकाच यादीत येतं.

ही किमया स्विस पद्धतीची. समजा स्पर्धेत १८० खेळाडू आहेत. त्यांची गुणांकनाप्रमाणे उतरती यादी करायची आणि ती मधोमध दुमडायची. पहिला खेळाडू एक्याण्णवाव्याशी, दुसरा ब्याण्णवाव्याशी, अशा पहिल्या फेरीच्या जोड्या लागतात. नंतर जिंकणारे जिंकणाऱ्यांशी खेळत वर सरकतात, हरणारे हरणाऱ्यांशी खेळत खाली. त्यामुळे पहिल्या दिवशीच्या त्या एका फेरीपुरता यादीचा तळ आणि यादीचा माथा समोरासमोर बसतो. माझ्या नशिबी गेल्या वर्षी ती फेरी आली. मी चौऱ्याण्णवावी, तो चौथा.

अशा स्पर्धेला जत्रेसारखीच तीन तऱ्हेची माणसं येतात : हौशे, नवशे आणि गवशे. नवशांचा नवस असतो नॉर्मचा. तीन नॉर्म आणि २५०० गुणांकन झालं की ग्रँडमास्टर हा किताब मिळतो, तो आयुष्यभरासाठी. गवशे बक्षिसाच्या रकमेवर डोळा ठेवून असतात. आणि उरलेले आम्ही हौशे. आम्हाला किताब मिळणार नसतो, बक्षीसही नाही. तरीही आम्ही फी भरतो, आणि खरं सांगायचं तर हॉलचं भाडं आमच्याच फीमधून निघतं.

माझी फी काजूच्या बिया विकून आलेल्या पैशांतली होती. डिचोलीला आमच्या घरामागच्या उतारावर थोडी काजूची झाडं आहेत. मार्च-एप्रिलमध्ये बोंडू गोळा करायचे, बिया काढून वाळवायच्या. ते काम आईचं आणि माझं. फॉर्म भरायच्या रात्री आईने विचारलं, “तातूंत तुका कितें मेळटा गो?” रागाने नाही, अगदी सरळ विचारलं. जिने बिया वेचल्या तिला हा प्रश्न विचारायचा हक्क होता. त्या रात्री माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिसऱ्या वर्षाला होते, फिजिक्सचं जर्नल अपुरं होतं, आणि पुढे एम.एस्सी. की बी.एड. याचा घरात निकाल लागायचा होता. ही शेवटची स्पर्धा, यानंतर पट माळ्यावर ठेवायचा, असं मी मनाशी जवळजवळ ठरवलं होतं.

हा खेळ मला आजोबांनी शिकवला, तोही देशी पद्धतीने. त्या पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला शह लागण्याआधी एकदा घोड्यासारखं अडीच घरं उडी मारता येते. आणि सगळ्यात मानाची मात म्हणजे प्यादेमात. वजिराने राजाला मारलं तर त्यात काय विशेष, पण प्याद्याने मारलं तर हरणाऱ्याने चार दिवस देवळाच्या पारावर यायचं नाही, असं आजोबा हसत सांगायचे.

त्यांची एक आवडती गोष्ट होती मीर सुलतान खान यांची. पंजाबातला माणूस, हेच देशी बुद्धिबळ बापाकडून शिकलेला. १९२९ साली सर उमर हयात खान यांच्याबरोबर लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला. १९३२ आणि १९३३ साली पुन्हा जिंकला. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत तर माजी जगज्जेता कापाब्लांकालाच हरवलं. मग मालकाबरोबर परत मायदेशी आला आणि शेतीवाडी बघू लागला. “पुस्तक न वाचता कापाब्लांकाला धुतला!” आजोबा मांडीवर थाप मारून म्हणायचे. फिडेने २०२४ साली सुलतान खान यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं. ती बातमी आजोबांना ऐकायला मिळायला हवी होती.

लहानपणी ही गोष्ट ऐकून मला वाटायचं, आपणही एक दिवस असंच कोणाला तरी हरवू. पुढे फिजिक्स घेतलं आणि ‘वाटणं’ आणि ‘मोजणं’ यांतला फरक कळला.

पहिल्या फेरीची जोडी लागली तेव्हा मी तोच हिशेब केला. त्याचं गुणांकन २५२०, माझं १५२०. बरोबर हजाराचा फरक. गुणांकनाचं सूत्र सोपं आहे. फरकाला ४०० ने भागायचं, १० चा तेवढा घात काढायचा, त्यात १ मिळवायचा. जेवढं उत्तर येईल, तेवढ्या डावांमागे दुबळ्या खेळाडूने एका गुणाची अपेक्षा ठेवावी. फरक २०० असेल तर साधारण चार डावांमागे एक. फरक ४०० असेल तर अकरा डावांमागे एक. आणि हजार असेल तर? ३१७ डावांमागे एक. रोज एक डाव खेळायचा म्हटला तर साडेदहा महिने हरायचं आणि एक दिवस जिंकायचं, किंवा दोन दिवस बरोबरी करायची.

हे सूत्र बसवणारा माणूस कोण होता हे मी तेव्हाच शोधलं, आणि मला फार बरं वाटलं. आर्पाद ईलो. जन्म हंगेरीतला, लहानपणी अमेरिकेत गेलेला. मिलवॉकी शहरातल्या मार्केट विद्यापीठात फिजिक्स शिकवायचा. ते विद्यापीठ जेज्वीट पाद्र्यांचं, म्हणजे आपल्या कॉलेजच्या नात्यातलंच म्हणायचं. ईलो स्वतः हौशी खेळाडू. विस्कॉन्सिन राज्याचं अजिंक्यपद त्याने आठ वेळा मिळवलं, पण पोटापाण्याचा धंदा मास्तरकीचा. त्याची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये स्वीकारली आणि फिडेने १९७० मध्ये. १९५७ साली मिलवॉकीच्याच एका स्पर्धेत त्याची गाठ चौदा वर्षांच्या एका मुलाशी पडली. ईलो हरला. तो मुलगा होता बॉबी फिशर. हौशी माणूस आणि अव्वल खेळाडू यांच्यामध्ये किती अंतर असतं, हे जगाला मोजून दाखवणारा माणूस स्वतः त्या अंतराच्या आपल्या बाजूला बसला होता.

आता डाव.

हॉलच्या दारात मोबाईल जमा केले. प्रत्येकाला ९० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ३० सेकंदांची भर. तो युरोपातला, चाळिशीचा, साधा टी-शर्ट घातलेला. आला, हात मिळवला, पेनाचं टोपण काढून स्कोअरशीटवर माझं नाव नीट बघून लिहिलं. मला अपेक्षा होती ती हल्ल्याची. वाटलं होतं, माझ्यासारखीला तो वीस चालींत उडवेल. म्हणून राजाच्या बाजूची प्रत्येक फट मी दोनदोनदा तपासत होते.

त्याने हल्ला केलाच नाही. वजिराच्या प्याद्याने सुरुवात, मधल्या एका प्याद्याची मारामारी, दोघांचे किल्लेकोट. थोड्या वेळाने त्याने वजिराला वजीर दिला. मला हायसं वाटलं. वजीर गेले म्हणजे मात व्हायची भीती गेली. घड्याळात माझ्याकडे वेळ होता, सोंगट्या सारख्या होत्या, आणि पंधरा चाली झाल्या तरी मी ग्रँडमास्टरसमोर शाबूत होते. शेजारच्या पटावरचा मुलगा पाणी प्यायला जाता जाता माझ्या पटाकडे बघून भुवई उंचावून गेला.

मग त्याने आपलं बी-फाइलवरचं प्यादं पुढे सरकवायला सुरुवात केली. एक घर. मध्ये दोन-तीन चाली दुसरीकडे. पुन्हा एक घर. शेवटी ते माझ्या सी-६ वरच्या प्याद्याला भिडलं. मारामारी झाली, आणि माझं सी-६ चं प्यादं एकटं उरलं. शेजारी आधाराला दुसरं प्यादं नाही. त्याचा हत्ती सी-फाइलवर आला, घोडा त्या प्याद्याच्या पुढ्यात सी-५ वर येऊन बसला. त्या घोड्याला हाकलायला माझ्याकडे काही नव्हतं. माझे दोन्ही हत्ती एका प्याद्याचे पहारेकरी झाले. पटावर अजून सोंगट्या सारख्याच होत्या. एकही सोंगटी मी गमावली नव्हती. तरी मला श्वास अपुरा पडल्यासारखं वाटू लागलं.

आणि मग तो पटाच्या दुसऱ्या टोकाला गेला. राजा घेऊन, अगदी सावकाश. तिकडे एक प्यादं पुढे ढकललं, एक वाट उघडली. इकडचे माझे पहारेकरी तिकडे वेळेवर पोचू शकले नाहीत. बावन्नाव्या चालीला मी राजीनामा दिला. साडेतीन तास झाले होते. पूर्ण डावात त्याने एकदाही असं काही केलं नव्हतं जे बघून कोणी टाळी वाजवली असती.

मला वाटलं तो उठून जाईल. पण त्याने सोंगट्या पुन्हा लावल्या आणि इंग्रजीत विचारलं, “डाव कुठे हातातून गेला, असं वाटतं?” मी एकेक चाल आठवत गेले. मला ती जागा दाखवता येईना. त्याने मान हलवली आणि सी-६ या घरावर बोट ठेवलं. मग म्हणाला, बाराव्या चालीपासून मी ह्याच घराकडे बघत होतो. माझी मांडणी पुस्तकातली होती, मोठमोठे खेळाडू ती खेळतात, असंही त्याने आवर्जून सांगितलं. त्या मांडणीत काळ्याने तिकडे बचाव करत बसायचं नसतं, राजाच्या बाजूला आपला उद्योग काढायचा असतो, हे त्याने चार चालींत दाखवलं. वीसेक मिनिटं बसला. मग हात मिळवून गेला.

एवढ्या वेळात मी बघत होते सोंगट्या, आणि तो बघत होता घरं. रिकामी घरं.

हा फरक माझ्या एकटीच्या मनाचा खेळ नाही. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ख्रोट हा स्वतः तगडा खेळाडू होता, ऑलिंपियाडमध्ये नेदरलँड्सकडून खेळलेला. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधासाठी त्याने अलेखिन, केरेस, ऑयवे अशा दिग्गजांना अनोळखी पट दाखवून मोठ्याने विचार करायला लावलं. लोकांची समजूत अशी की ग्रँडमास्टर आपल्यापेक्षा दहा-वीस चाली पुढचं बघतो. द ख्रोटला तसं दिसलं नाही. चालींची लांबी आणि संख्या यांत फार मोठा फरक नव्हता. अव्वल खेळाडू नेमक्या चांगल्या चालीचाच विचार करायला घ्यायचे, एवढंच. पट काही सेकंद दाखवून झाकला तरी त्यांना तो जवळजवळ जसाच्या तसा लावता यायचा.

पुढे १९७३ साली अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी यात एक गंमत केली. खऱ्या डावातला पट दाखवण्याऐवजी सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेवल्या. तेव्हा मास्टरची सरशी जवळजवळ नाहीशी झाली. तोही आपल्यासारखाच अडखळला. म्हणजे ग्रँडमास्टरची स्मरणशक्ती काही वेगळ्या मातीची नसते. त्याला दिसतात ते शब्द, आपण वाचतो ती अक्षरं. जो मराठी वाचू शकतो तो पाटीकडे नुसती नजर टाकून ‘म्हापसा’ वाचतो. नुकतीच बाराखडी शिकलेलं मूल म ला ह जोडत बसतं. १००० गुणांचं अंतर म्हणजे काय, याचं मला मिळालेलं उत्तर हे असं आहे.

वाचायला शिकायला वेळ लागतो, आणि तो वेळ कशाने भरावा लागतो हेही आपल्यासमोर आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका हुशार तरुणाने फक्त एक महिना तयारी करून थेट जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनशी हॅम्बुर्गमध्ये डाव मांडला होता. सुरुवातीला तो बरा टिकला. ३९ चालींत संपला. उलट आपला गोव्याचा लिऑन मेंडोंसा बघा. २०२० च्या मार्चमध्ये तो वडिलांबरोबर स्पर्धेसाठी युरोपात होता आणि लॉकडाऊनमुळे हंगेरीत अडकला. परत येण्याची वाट बघत बसण्याऐवजी तो खेळत राहिला, महिनोन्‌महिने, घरापासून लांब. डिसेंबरअखेर इटलीत त्याने शेवटचा नॉर्म मिळवला आणि चौदाव्या वर्षी तो भारताचा ६७वा ग्रँडमास्टर झाला. अनुराग म्हामल यांच्यानंतर गोव्याचा दुसरा. ते अंतर असं तोडावं लागतं. संपूर्ण बालपण, आणि बहुतेक वेळा आईबापांच्या आयुष्याचा एक तुकडा देऊन.

मग आजोबांच्या गोष्टीकडेही मी नव्याने बघितलं. सुलतान खान काही पारावरून उठून थेट कापाब्लांकासमोर बसले नव्हते. मधल्या काळात त्यांनी आंतरराष्ट्रीय नियम शिकून घेतले, १९२८ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा जिंकली, लंडनला तिथल्या अव्वल खेळाडूंबरोबर सराव केला. गोष्टीतून आजोबा ही वर्षं गाळायचे. गोष्टीत ती गाळावीच लागतात. पण आपण त्या गाळलेल्या वर्षांच्या जोरावर कोणाला हरवू शकत नाही.

हे सगळं कळल्यावर खेळ सोडावासा वाटेल, अशी मला भीती होती. झालं उलटंच. गेल्या नोव्हेंबरमध्ये विश्वचषक स्पर्धा आपल्या हडफड्यात झाली. २०६ खेळाडू, हरला तो घरी, आणि चषकाला नाव विश्वनाथन आनंद यांचं. म्हापशाहून घरी जाताना बसमध्ये रोज मी फोनवर डाव बघायचे. महिलांचा विश्वचषक जिंकलेली आपली दिव्या देशमुख इथे पहिल्याच फेरीत बाहेर पडली. जगज्जेता गुकेश तिसऱ्या फेरीत जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेकडून हरला. शेवटी चषक उचलला उझबेकिस्तानच्या एकोणीस वर्षांच्या जावोखिर सिंदारोव्हने. त्यातल्या एका संथ डावात, जिथे समालोचकही कंटाळल्यासारखे बोलत होते, एका खेळाडूने बी-फाइलवरचं प्यादं एक घर पुढे केलं. आणि माझ्या अंगावर काटा आला. सगळ्या सोंगट्या अजून पटावर होत्या, पण मला ते पुढचं रिकामं घर दिसलं. एक शब्द मला वाचता आला. फक्त एकच. पण तो वाचता येण्याआधी आणि आल्यानंतर माझ्यासाठी हा खेळ सारखा राहिलेला नाही.

आईला मी हे सांगायचा प्रयत्न केला, पण रिकाम्या घरांची गोष्ट तिच्या पचनी पडली नाही. तेव्हा मी मामाचं उदाहरण दिलं. मामा टपाल खात्यात आहे. दरवर्षी गावच्या जत्रेच्या नाटकात त्याचा पार्ट असतो. दोन महिने रात्री तालमी, घसा बसतो, पदरचे पैसे जातात. त्याला माहीत आहे की आपण काही दीनानाथ मंगेशकर होणार नाही. नाटकाच्या रात्री तीच आई पहिल्या रांगेत बसून त्याच्या पल्लेदार वाक्याला टाळी देते. आपल्या गोव्यात हौशी रंगभूमीला कोणी ‘यात काय मिळतं’ असं विचारत नाही. हौसेला मोल नाही म्हणतात ते लोक दोन्ही अर्थांनी म्हणतात, आणि दोन्ही अर्थ खरे आहेत.

बी.एड.ला अर्ज केला आहे. ग्रँडमास्टर होण्याचं वय केव्हाच गेलं, ते मला माहीत आहे. पट माळ्यावर गेलेला नाही. शनिवारी संध्याकाळी गावच्या वाचनालयात आठ-दहा मुलं येतात, त्यांना मी आधी आजोबांचे नियम शिकवते, मग फिडेचे. सी-६ चं घर अजून कोणाला सांगितलेलं नाही. ते ज्याचं त्याने हरल्यावर बघायचं असतं.

त्या स्पर्धेत नऊ फेऱ्यांत मला साडेचार गुण मिळाले आणि गुणांकन ११ ने वाढलं. घरी येऊन मी सूत्र पुन्हा मांडलं. समोरच्याचं गुणांकन तेवढंच राहिलं असं धरलं, तर आता ३१७ ऐवजी २९८ डावांमागे एक गुण.

आई अंगणात बिया वाळत घालत होती. तिला आकडा सांगितला.

“म्हणजे अजून २९७ दा हरायचंय,” ती म्हणाली. मग हातातली बी वर धरून पारखत विचारलं, “पुढची फी कितकी?”